अप्पा म्हणतात, मला कुठे नेऊ नका

पत्र असं आहे, थोडं कमी करून देतेय:

"ताई, आम्ही सहा वर्षं सिंगापूरला आहोत, मी, नवरा आणि नऊ वर्षांचा मुलगा. माझे सासरे, अप्पा, वय ७२, तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आलेत. गाव सिंधुदुर्गात, अगदी खाडीच्या काठाला. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या, तेव्हापासून ते एकटेच असतात म्हणून आम्हीच आग्रह करून बोलावलं. त्यांना झाडांची, पक्ष्या-प्राण्यांची आवड, म्हणून मॉल-बिल नको, इथली जंगलं दाखवू असं ठरवलं. एका रविवारी ट्रीटॉप वॉकला गेलो. निघता निघता अकरा वाजले, प्रचंड उकाडा, चढउतार, अप्पांचा गुडघा दुखायला लागला, मुलगा कुरकुर करत होता, परत येताना कोणी कोणाशी बोललं नाही. दुसऱ्या वेळी जलाशयाच्या काठी गेलो तर अप्पांनी पिशवीतलं केळं काढून माकडाला दिलं. एक बाई इंग्लिशमध्ये एकदम ओरडल्या, सगळे वळून बघायला लागले, अप्पांना काय झालं तेच कळेना. मुलगा लांब जाऊन उभा राहिला. तेव्हापासून अप्पा म्हणतात 'मला कुठे नेऊ नका, मी घरी बरा आहे.' मुलगा म्हणतो आजोबांबरोबर नको. नवरा म्हणतो जबरदस्ती करू नकोस. सहा आठवडे उरलेत. सकाळी सहाला उठून आंघोळ करून ते खिडकीशी बसतात ते दिवसभर तिथेच, मला बघवत नाही. काय करू?"

अगं, सगळ्यात आधी सांगते, तुझं काही चुकलेलं नाही. मॉल सोडून त्यांना जंगलात न्यावं हे तुला सुचलं, खूप सुनांना आणि लेकांनाही ते सुचत नाही. फक्त वेळ चुकली आणि जागा चुकली, या दोन्ही गोष्टी सुधारता येतात. आणि एक तिसरी गोष्ट आहे, ती जरा नाजूक आहे, तिच्यापासूनच सुरुवात करते.

केळ्याची गोष्ट तशीच अर्धवट राहिली आहे. तुम्ही घरी आलात, सगळे गप्प, विषय टाळला, कारण अप्पांना अजून वाईट वाटेल अशी भीती. पण त्यांच्या बाजूने बघ ना, त्यांना अजून कोणी नीट सांगितलेलंच नाहीये की त्या बाई का ओरडल्या. त्यांच्या मनात एवढंच उरलंय की परक्या देशात, नातवासमोर, चारचौघांत आपल्याला कोणीतरी झापलं आणि आपल्याला त्यातला एक शब्द कळला नाही. ७२ वर्षांच्या माणसाला हे फार लागतं. मग तो म्हणणारच, मी घरी बरा.

तर आता बसून सांगायचं, आणि शक्यतो तुझ्या नवऱ्याने सांगायचं, कारण वडील त्याचे आहेत. सांगायचं ते एवढंच, की अप्पा, इथे जंगली प्राण्याला खायला देणं कायद्याने गुन्हा आहे, १ जून २०२० पासून कायदा कडक केलाय, पहिल्या वेळी ५,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो आणि पुन्हा केलं तर १०,००० पर्यंत, आणि हे आम्ही तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, चूक आमची. हे शेवटचं वाक्य गाळू नका, कारण ते खरंच आहे.

पण नुसता दंडाचा आकडा सांगून थांबलात तर अप्पांना वाटेल काय विचित्र देश आहे, मुक्या जनावराला केळं दिलं तर दंड. म्हणून कारण सांगा, आणि ते कारण अप्पांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. कोकणातल्या माणसाला माकडं सोकावणं म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. नारळ पाडतात, काजूची बोंडं तोडतात, एकदा वाडीत खायला मिळतं हे कळलं की मग माणसाला भीतच नाहीत, कौलं फोडून घरात शिरतात. इथेही तेच, फक्त वाडीच्या जागी बाराव्या मजल्यावरचं स्वयंपाकघर आणि लहान मुलांच्या हातातल्या पिशव्या. लांब शेपटीची ही माकडं जंगलातली फळं, कोवळी पानं, खेकडे, किडे खाऊन मजेत जगतात, माणसाच्या हातचं खायची सवय लागली की पिशवी दिसली की झडप घालतात, मग लोक तक्रारी करतात आणि शेवटी त्या माकडालाच पकडून नेतात, बहुतेक वेळा मारतात. अप्पांना म्हणा, तुमच्या वाडीत कोणी पाहुणा येऊन माकडांना केळी वाटायला लागला तर तुम्ही काय म्हणाल? मला वाटतं ते पटकन समजतील.

आणि एक, मी अप्पांना ओळखत नाही, चुकत असेन तर सोडून दे. पण वर्षभर एकट्याने राहिलेला माणूस, ज्याच्या हातचं घ्यायला घरात कोणी नाही, त्याच्यासमोर एक जीव येऊन बसला आणि त्याने जवळचं होतं ते देऊन टाकलं. हे नातवाला सांग. आजोबांनी नियम मोडला हे खरं, पण का मोडला तेही त्याला कळू दे. नऊ वर्षांच्या मुलाला हे समजतं. तो लांब जाऊन उभा राहिला त्याबद्दल त्याला रागावू नकोस मात्र, त्या वयात सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटतंच.

आता वेळेचं. अप्पा सहाला उठून खिडकीशी बसतात असं तू लिहिलंयस. सिंगापूरला सूर्य उगवतो सातच्या आसपास, वर्षभर, दहा-पंधरा मिनिटं इकडे-तिकडे. विषुववृत्तापासून जेमतेम एक-सव्वा अंशावर असल्यामुळे दिवस लहान-मोठा फारसा होतच नाही, आणि घड्याळही सूर्याच्या मानाने पुढे लावलेलं आहे, १९८२ मध्ये अजून अर्धा तास पुढे केलं. म्हणजे अप्पा आंघोळ करून उजाडायची वाट बघत बसलेले असतात आणि उजाडतं तेव्हा तुम्ही झोपलेले असता. रविवारी नऊला उठून अकराला निघालात, तोवर पक्षी गप्प झालेले, प्राणी सावलीला गेलेले, आणि हवा अशी की घाम येतो पण वाळत नाही. ज्या माणसाला जंगल वाचता येतं त्याला तुम्ही जंगल बंद झाल्यावर घेऊन गेलात! जाग आली नाही तर आदल्या रात्री लवकर झोपा, पण साडेसात ते नऊ ही वेळ धरा, किंवा मग संध्याकाळी पाच ते साडेसहा. दीड तास पुष्कळ झाला. दीड तासाने अप्पा 'एवढ्यात निघायचं?' म्हणाले तर तुम्ही जिंकलात असं समज.

ट्रीटॉप वॉक आता विसरून जा. तो झुलता पूल अडीचशे मीटरचाच आहे पण तिथपर्यंत जाऊन परत यायला कित्येक किलोमीटर चढउतार करावी लागते, पायऱ्या आहेत, पूल एकेरी आहे म्हणजे मध्येच गुडघा बोलला तर वळून मागे फिरायची सोय नाही. फोटो छान येतात हे खरं पण खाडीकाठच्या माणसाला पंचवीस मीटर उंचीवरून झाडांचे शेंडे बघण्यात काय रस असणार.

त्यांना सुंगेई बुलोहला ने. तू सहा वर्षं राहतेयस तरी गेली नसशील असं मला उगाच वाटतंय, लांब पडतं म्हणून बरेच जण जात नाहीत. बेटाच्या वायव्य टोकाला, क्रांजी स्टेशनच्या पुढे, समोर जोहोरची सामुद्रधुनी आणि पलीकडे मलेशिया. १९९३ मध्ये लोकांसाठी उघडलं, २००२ पासून संरक्षित निसर्गक्षेत्र आहे. सकाळी सात ते संध्याकाळी सात, प्रवेश फुकट, सगळा बोर्डवॉक आणि सपाट वाटा, जागोजागी बसायला आडोसे. आणि मुख्य म्हणजे ते कांदळवन आहे. नीट लक्षात घे मी काय म्हणतेय ते. अप्पा जन्मभर ज्या चिखलाच्या काठाला राहिले तोच चिखल इथे आहे. तिवरं आहेत, चिखलातून बोटभर वर आलेली त्यांची श्वासमुळं आहेत, कांदळाची ती लांब हिरवी शेंगेसारखी लोंबणारी रोपं आहेत, मारांडीची जांभळट निळी फुलं आहेत. जाती सगळ्या हुबेहूब त्याच असतील असं नाही, पण माणूस बघताक्षणी म्हणेल, अरे हे तर आपलंच.

आणि निवट्या, चिखलावर सरकत चालणारे ते मासे! निवटी बघितली आहेस का कधी नीट? बहुतेक जण बोर्डवॉकवरून 'मडस्किपर' म्हणतात आणि पुढे जातात. तू थांब. ओहोटीला चिखल उघडा पडला की पाच मिनिटं एका जागी उभं राहायचं, आवाज करायचा नाही, मग चिखलच हलायला लागतो. डोळे थेट डोक्याच्या वर, दोन मण्यांसारखे, आणि मध्येच ते डोळे आत ओढून घेते आणि पुन्हा वर काढते, ओले करून घेण्यासाठी. पुढच्या दोन परांवर कोपर टेकल्यासारखी सरकते, दमली की गाल फुगवून बसते, गालात पाणी भरलेलं असतं. इथे एक मोठी जात आहे, चांगली वीतभर लांब, ती बिळाभोवती चिखलाचा बांध घालून स्वतःचं छोटं डबकं करते आणि दुसरी निवटी आली की तोंड वासून अंगावर जाते. हे सगळं अप्पांनी लहानपणी पोटावर झोपून बघितलेलं असणार, पकडलेल्याही असणार, कालवणही केलेलं असणार. ते नातवाला सांगू देत, कशी पकडायची, हात कुठून घालायचा, बिळाला दुसरं तोंड असतं ते कसं ओळखायचं. फक्त घरून निघतानाच त्यांना सांगून ठेव की इथे पकडायचं काही नाही, मासा नाही, खेकडा नाही, शेंगसुद्धा तोडून आणायची नाही. तिथे गेल्यावर हात पुढे झाल्यावर सांगितलंस तर पुन्हा केळ्याचीच गोष्ट होईल.

आता यात तुझ्या मुलाला कसं आणायचं, तर माझ्याकडे एक उपाय आहे आणि मला तो फार आवडतो. भरती-ओहोटी. सुंगेई बुलोहला काय दिसणार हे पाण्यावर ठरतं. ओहोटीला निवट्या, खेकडे, आणि नशीब असेल तर चिखलावर पसरलेली मगर. भरतीला पाणी वर चढलं की चिखलावर चरणारे पक्षी सगळे आतल्या तळ्यांवर येऊन बसतात, साधारण सप्टेंबर ते मार्च या दिवसांत थेट सायबेरियाकडून आलेले चिखले आणि तुतवार असतात, शेकड्याने. आणि पाणी चढतं तसे काही खेकडे झाडांच्या खोडांवर चढून बसतात. म्हणून इथे राहणारे पक्षीवेडे लोक जायच्या आधी अ‍ॅपवर भरतीची वेळ बघतात. तुझा मुलगा ते अ‍ॅप दोन मिनिटांत शोधेल. पण अप्पांना अ‍ॅप लागत नाही! खाडीकाठचा माणूस तिथीवरून सांगतो, पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीला भांग म्हणजे पाण्याची चढउतार सगळ्यात कमी, आणि रोज पाणी पाऊण-एक तास उशिरा. चंद्र तोच आहे, त्यामुळे उधाण आणि भांग इथेही त्याच तिथींना, एखादा दिवस मागेपुढे. भरतीचं घड्याळ मात्र जागेप्रमाणे बदलतं. तर मुलाने पहिल्या दिवशी अ‍ॅपवरून इथली भरतीची वेळ आजोबांना सांगायची, आणि पुढच्या आठवड्याची वेळ आजोबांनी बोटं मोजून सांगायची, मग अ‍ॅपशी ताडून बघायचं. मोबाईल हातातून काढून घ्यायची गरजच नाही. सिंगापूरची भरती ठिकाणाप्रमाणे आणि दिवसाप्रमाणे जरा लहरी आहे, त्यामुळे आजोबांचं थोडंफार चुकेल, चुकू दे, का चुकलं यावर दोघं अजून अर्धा तास बोलतील.

एक वही पण दे. दोन रकाने, एकात आजोबांचं नाव, एकात शाळेतलं नाव. खंड्या, दयाळ, शिंपी, तांबट, कोकीळ, घार, धनेश. सिंगापूरच्या सोसायट्यांखाली पहाटे ओरडून लोकांची झोपमोड करणारा तो पक्षी म्हणजे आपली कोकीळच, इथले लोक त्याच्या तक्रारी करतात हे ऐकून अप्पा थक्क होतील. घोरपड तर कालव्याकाठी कुठेही दिसते, आपल्या घोरपडीपेक्षा बरीच मोठी आणि पाण्यात सुसरीसारखी पोहणारी. आणि पाणमांजरं, तुमच्याकडे हुद म्हणतात ना? इथली तीच जात आहे, सिंधुदुर्गातल्या खाड्यांत असते ती. सिंगापुरातून जवळजवळ नाहीशी झाली होती, नद्या-कालवे स्वच्छ केल्यावर १९९० च्या दशकात परत यायला लागली आणि आता शहराच्या मधोमध कळपाने राहते. बिशानच्या पार्कमध्ये कल्लांग नदीचा काँक्रीटचा कालवा फोडून पुन्हा नदीसारखा केलाय, २०१२ पासून तो असा आहे, तिकडे किंवा कल्लांगच्या काठाने खालपर्यंत कुठेही सकाळी दिसू शकतात. अप्पांनी गावी हुद बघितली असेल तर लांबून, अंधारात, जाळं फाडून पळताना. इथे ती भर दिवसा माणसांसमोर मासा कराकरा खात बसते. ते दोघांनी मिळून बघायला हवं.

मी स्वतः सिंगापूरला अकरा वर्षं काढली आणि माझे बाबा दोनदा आले होते. मी त्यांना सगळं दाखवलं, अगदी तिकिटं काढून, यादी करून. ते प्रत्येक ठिकाणी छान छान म्हणायचे. मग एकदा त्यांना काकांशी फोनवर बोलताना ऐकलं, ते सांगत होते, अरे इथे घोरपड रस्ता ओलांडत होती तर बसवाल्याने बस थांबवली, ती पलीकडे जाईपर्यंत थांबवली. दोन महिन्यांतलं त्यांनी तेवढंच सांगितलं, तीन-चार वेळा सांगितलं. ती घोरपड आमच्या बिल्डिंगपासून पाच मिनिटांवरची होती, आणि तेव्हा मी त्यांच्याबरोबर नव्हते, ते एकटेच गेले होते. म्हणून तुला सांगते, रविवारचा प्लॅन वेगळा, पण रोज संध्याकाळी घराजवळचा जो काही कालवा किंवा पार्क असेल तिथे अप्पांना एकट्याने जायची सवय लाव. पहिले दोन दिवस बरोबर जा, वळणं दाखव, ब्लॉक नंबर आणि तुझा फोन नंबर लिहिलेला कागद खिशात दे, मग सोड. खिडकीशी बसणं आपोआप कमी होईल.

तब्येतीचं थोडं बोलते, कारण ७२ वय आहे. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, त्यात इथला घाम, त्यामुळे पाणी आणि मिठाचं प्रमाण पटकन बिघडतं, अप्पांना तसली गोळी असेल तर जायच्या आधी डॉक्टरांना विचारून घे. या वयाचे पुरुष बाथरूमला जायचंय हे सुनेला सांगत नाहीत, सांगायला लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत, आणि मग चक्कर येते. तू विचारत बसू नकोस, पोचल्या पोचल्या नुसतं सांगून टाक, अप्पा, बाथरूम तिकडे आहे, पुढचं अर्ध्या तासावर आहे. डासांना 'आम्हाला सवय आहे' म्हणतील, पण डेंग्यूचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळी जास्त, म्हणजे नेमका तुमच्याच वेळेला. फुल पँट, मोजे, आणि उघड्या भागावर डासांचं मलम किंवा स्प्रे, सनस्क्रीन लावणार असाल तर ते आधी, डासांचं नंतर. चप्पल नको, बूट. गावी परत गेल्यावर पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना सिंगापूरहून आलोय हे सांगायचं आणि विचारल्याशिवाय ब्रुफेनसारखी गोळी घ्यायची नाही, हे त्यांच्या औषधांच्या डबीवरच चिकटवून दे. दुपारनंतर ढग गडगडायला लागले तर उघड्यावर थांबायचं नाही, बोर्डवॉक असो नाहीतर पार्क, लगेच छपराखाली. इथली वीज थट्टा करण्यासारखी नाही.

प्राण्यांच्या बाबतीत अंतर, बाकी काही नाही. सुंगेई बुलोहची मगर खाऱ्या पाण्यातली आहे, तुमच्या खाडीतल्या मगरीपेक्षा मोठी होते आणि स्वभावाने तापट, वाट सोडून काठाला उतरायचं नाही, नातवाला पाण्याकडे झुकू द्यायचं नाही. पाणमांजरांबरोबर पिल्लं असली तर लांबच, २०२१ मध्ये बोटॅनिक गार्डन्समध्ये एका माणसाला कळपाने चांगलंच चावलं होतं. माकडं दिसली तर प्लास्टिकची पिशवी बाहेर ठेवायची नाही, डोळ्यात डोळे घालून बघायचं नाही, दात दाखवून हसायचंही नाही, सावकाश मागे यायचं. अप्पांच्या हातात छत्री दे. पाऊस, ऊन, गुडघ्याला आधार आणि गरज पडली तर जमिनीवर आपटायला, चारही कामं होतात, आणि काठी म्हटलं की जे नको म्हणतात ते छत्रीला हो म्हणतात.

पुलाऊ उबिन हे छोटं बेट शेवटच्या दोन आठवड्यांसाठी राखून ठेव. चांगी पॉइंटच्या धक्क्यावरून लाकडी बोट, बारा उतारू झाले की सुटते, वेळापत्रक नाही. अप्पांना हे फार ओळखीचं वाटेल. बोटीत चढता-उतरताना मात्र नवऱ्याने पुढे आणि तू मागे, पाणी हलत असतं. पलीकडे नारळ, विहिरी, पत्र्याच्या छपरांची घरं, कोंबड्या, रानडुकरं सुद्धा, रानडुकरांपासून लांब राहायचं आणि खाण्याच्या पिशव्या बंद ठेवायच्या. धक्क्याजवळ व्हॅन मिळते, तिने चेक जावा नावाच्या किनाऱ्यावर जा, चालत किंवा सायकलने नको. ही जागा भराव टाकून बुजवायचं ठरलं होतं, २००१ मध्ये लोक ओहोटीला जाऊन बघायला लागले, तारामासे, समुद्री गवत, सगळं बघून आले आणि सरकारला पत्रं लिहिली, वर्षअखेरीला भराव थांबला. २००७ पासून तिथे किलोमीटरभर बोर्डवॉक आहे, एक बाजू समुद्रावरून आणि एक कांदळवनातून. आणि उबिनवर धनेश आहेत. सिंगापुरातून कित्येक वर्षं गायब होते, मग उबिनवर पुन्हा दिसले, लोकांनी त्यांच्यासाठी कृत्रिम ढोल्या बसवल्या, आता शहरातही दिसतात. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून दिवसभर फळं आणून देतो, ही गोष्ट अप्पांनाच सांगू दे. मला वाटतं सासूबाईंचं नावही तिथे कुठेतरी निघेल. निघालं तर विषय बदलू नका.

नवऱ्याला एक सांग माझ्याकडून. जबरदस्ती करू नकोस हे तो बरोबर म्हणाला, पण तेवढं म्हणून त्याचं काम संपत नाही. एक सकाळ फक्त त्याने आणि अप्पांनी जायचं, तू नाही, मुलगा नाही. बोलले तर बोलले, नाहीतर दोघं निवट्या बघतील. बापलेकांना एकमेकांकडे बघून बोलणं जमत नाही बऱ्याचदा, दोघांनी एकाच दिशेला बघत असलं की जमतं. सुनेने सासऱ्यांचा एकटेपणा एकटीने वाहायचा नसतो. तुझं पत्र वाचताना मला अप्पांइतकीच तुझीही काळजी वाटली.

आणि ते पुन्हा नाहीच म्हणाले तर? तर एक आठवडा जाऊ दे. मग असं विचारू नकोस की 'अप्पा, फिरायला येता का'. त्याचं उत्तर त्यांनी तयार ठेवलंय. मुलाला त्यांच्याकडे पाठव, हातात फोन आणि अ‍ॅप उघडलेलं, आणि त्याला विचारू दे, आजोबा, इथे लिहिलंय रविवारी सकाळी ओहोटी आहे, पुढच्या रविवारी काय असेल? त्यांनी काय सांगितलं आणि अ‍ॅपने काय सांगितलं, ते मला नक्की लिहून कळव.